लाकडी बैल ऐकतो आहे

गोंदियाला माझी एक जुनी मैत्रीण राहते. दर दिवाळीला फराळाच्या डब्याबरोबर तिची चिठ्ठी येते. या खेपेच्या चिठ्ठीत चकलीची चौकशी नव्हती, गाऱ्हाणे होते. "नात तिसरीत गेली. गोष्टी सांगायला लागली की थांबत नाही. पण पुस्तक मोठ्याने वाच म्हटले, की तोंड मिटून बसते. आमच्या आळीत अशी आणखी पाच-सहा मुले आहेत. त्यांच्यासाठी काही सुरू करावे म्हणते. बक्षिसे ठेवू का?"

चिठ्ठी वाचली आणि मला आपल्या घराघरांतले संध्याकाळचे चित्र दिसू लागले. मूल एखाद्या जोडाक्षरापाशी अडते. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "पुन्हा वाच!" काका घाईघाईने शब्द पुरवतात. थोरला भाऊ फिसकन हसतो. पुढच्या ओळीला मुलाचे लक्ष पुस्तकात राहतच नाही. ते आपल्या तोंडांकडे लागते. मग आपण म्हणतो, याला वाचनाची गोडी नाही! अहो, गोडी लागायला आधी घास तोंडात तर जाऊ द्यायला हवा.

चुका न काढणारा श्रोता कुठे मिळेल? माणसांत तो दुर्मीळ. जनावरांत मात्र मुबलक. ही थट्टा नव्हे. १९८३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मुलांना मोठ्याने वाचायला लावून त्यांचा रक्तदाब मोजला होता. जवळ एखादा कुत्रा असला, की तो कमी भरत असे. पुढे १९९९ मध्ये तिथल्या सॉल्ट लेक सिटी या शहरात मुलांनी कुत्र्यांना पुस्तके वाचून दाखवण्याचा रीतसर उपक्रम सुरू झाला आणि तो देशोदेशी पसरला. योगायोग असा, की आमच्या मैत्रिणीचा गोंदिया जिल्हाही त्याच वर्षी, १ मे १९९९ ला, भंडाऱ्यातून वेगळा निघाला.

तिकडचे कुत्रे मात्र पारखून, शिकवून घेतलेले असतात आणि त्यांचा माणूस शेजारी बसलेला असतो. आपण उत्साहाच्या भरात गल्लीतला कुत्रा धरून आणायचा नाही. घरचा, शांत स्वभावाचा, रेबीजची लस टोचलेला कुत्रा असेल आणि मालक जवळ बसणार असेल तरच त्याला श्रोता करावे. नाहीतर खिडकीतली मांजर आहे, गोठ्यातली गाय आहे. शेळीही गरीब श्रोती. फक्त पुस्तक तिच्या तोंडापासून हातभर लांब धरावे, नाहीतर ती वाचनाआधीच पान फस्त करील!

आणि ज्या घरी यातले काहीच नाही, त्यांचे काय? विदर्भातल्या वाचकांनी उत्तर केव्हाच ओळखले असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे तान्हा पोळा भरतो. मुले आपापले लाकडी बैल सजवून आणतात, चांगल्या सजावटीला बक्षिसे मिळतात, आणि बैल घेऊन दारोदार गेले की हातावर बोजारा पडतो. म्हणजे मुले, जनावर आणि बक्षीस या तिन्हींची सांगड तिथे पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहे! एवढा लाडका बैल वर्षातला एक दिवस मिरवतो आणि उरलेले दिवस कपाटावर धूळ खातो. त्याला खाली उतरवावा. मुलाने त्याला समोर ठेवून रोज दहा मिनिटे वाचावे. तो शेपूट हलवणार नाही हे खरे. पण "पुन्हा वाच" असेही म्हणणार नाही.

आता बक्षिसांचा प्रश्न. इथे जरा जपूनच पाऊल टाकावे. १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रे काढण्याची मुळातच हौस होती, त्यांतल्या काहींना आधी सांगितले, की चित्र काढाल तर सुंदर प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालेही. पण दोन-एक आठवड्यांनी रंग पुन्हा समोर ठेवले, तेव्हा तीच मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. हौसेची मजुरी झाली होती! पानामागे एक चॉकलेट ठेवले, तर मूल मोठ्या अक्षरांचे, कमी पानांचे पुस्तक शोधील. त्यात त्याचा काय दोष? आपणच त्याला हिशेब शिकवला.

मग बक्षीस द्यायचेच नाही का? द्यावे, पण ते वाचनाच्या वाटेवरचेच असावे. ज्याने गोष्ट पुरी केली, त्याने पुढचे पुस्तक सर्वांच्या आधी निवडावे. गायीला वाचून दाखवले असेल तर तिला भाकरीचा घास भरवण्याचा मान त्याचा. लाकडी बैलाच्या गळ्यात दर गोष्टीमागे एक रंगीत मणी ओवावा. पुढच्या तान्ह्या पोळ्याला ती माळ घालून बैल मिरवील, आणि लोक विचारतील, "हा मणी कशाचा रे?" तेव्हा मूल ती गोष्ट सांगेल. याहून मोठा बोजारा कोणता? मात्र कुणाचे मणी किती, याची पाटी भिंतीवर लावू नये. जे मूल आधीच भ्यालेले आहे, ते त्या पाटीवर तळाला बसेल आणि पुन्हा येणार नाही.

मैत्रिणीच्या पत्रातले एक वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही: "गोष्टी सांगायला लागली की थांबत नाही." म्हणजे पोरीजवळ भाषा आहे, ती पुस्तकातली नाही, इतकेच. गोंदियाकडे कुणाच्या घरी पोवारी बोलतात, कुणाच्या घरी गोंडी, तर कुणाच्या घरी हिंदी. शाळेच्या पुस्तकातली मराठी अशा मुलाला परक्या घरासारखी वाटते. तिथे कुठे बसावे तेच कळत नाही. त्याचे अडखळणे आपण मंदपणा समजतो आणि त्यालाही तसेच समजायला शिकवतो. हे नुकसान पुढे कोणत्याही बक्षिसाने भरून येत नाही. म्हणून वाचून झाले, की तीच गोष्ट बैलाला घरच्या बोलीत सांगू द्यावी. बैलाला सगळ्या बोली येतात!

रानातल्या माणसांच्या शब्दांची किंमत कळलेला मोठा लेखक याच जिल्ह्यात राहून गेला. मारुती चितमपल्ली वनखात्यातल्या नोकरीत नवेगावबांधला राहिले, आणि जंगलातल्या लोकांकडून ऐकलेले, टिपलेले कितीतरी त्यांनी मराठीत आणले. कावळ्यांच्या वसतीला 'काकागार' आणि बगळ्यांच्या वसतीला 'सारंगागार' हे शब्द त्यांचेच. १८ जून २०२५ ला ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याच नवेगावबांधची २०२२ मध्ये 'पुस्तकांचे गाव' म्हणून निवड झाली. साताऱ्याकडच्या भिलारला २०१७ साली सुरू झालेल्या योजनेचा तो पुढचा टप्पा. आणि महाराष्ट्रात जवळजवळ नाहीसा झालेला सारस पक्षी तग धरून राहिला तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत. पाळीव जनावर समोर श्रोता म्हणून आणि रानातला सारस पुस्तकात नायक म्हणून. आणखी काय हवे?

तेव्हा मैत्रिणीला मी असे लिहिले आहे: पक्षी सप्ताहातल्या एका संध्याकाळी ओसरीवर सतरंजी अंथर. वीस-पंचवीस पुस्तके पुरेत. मोठ्या टायपाची आणि चित्रांची असू देत. दिवाळीनंतर तुमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणेरावळे येतात. प्रत्येकाकडून एकेक पुस्तक माग. मुलांना आपापला बैल घेऊन बोलाव. प्रत्येकाला वेगळा कोपरा दे. आणि तू स्वतः काय करायचे? तांदूळ निवडत बस, नाहीतर शिवण घे. पण मुलीने विचारल्याशिवाय तोंड उघडू नकोस. हे सर्वांत अवघड आहे, हे मला ठाऊक आहे.

फराळाचा डबा रिकामा परत करू नये अशी आपल्याकडची रीत. यंदा त्यात मी करंज्या भरल्या नाहीत. पक्ष्यांच्या गोष्टींचे एक पातळसे पुस्तक ठेवले आहे, आणि कागदाच्या पुडीत लाल-पिवळे पन्नास मणी.