फादरांची मातृभाषा

नवी मुंबईत, बेलापूरच्या शहाबाज गावातलं एक आगरी कुटुंब ओळखीचं आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. प्रवेशासाठी आईवडील त्याला एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेत घेऊन गेले. बाईंनी माशाचं चित्र दाखवलं आणि हे काय, असं इंग्रजीत विचारलं. पोराने लगेच सांगितलं, ‘निवटी.’ खाडीच्या चिखलातला, घरच्या कालवणातला मासा. एरवी कौतुक झालं असतं. इथे बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि निघताना आईवडिलांना बजावलं, ‘आजपासून घरी इंग्रजीच बोला. आजीलाही सांगा.’ त्या दिवसापासून आजी नातवाशी जपून बोलते. इंग्रजी तिला येत नाही आणि येतं ते बोलायचं नाही.

या सल्ल्याच्या समर्थनार्थ जुन्या मिशनच्या शाळांचा दाखला हमखास दिला जातो. सीबीडी बेलापुरात कुठल्याही सेक्टरमध्ये विचारा, पालकांच्या तोंडी शब्द येतो ‘कॉन्व्हेंट’. खरं तर कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा मठ. फादरांनी मुलग्यांसाठी काढलेल्या शाळांना तो शब्द लागूही होत नाही. पण तो कानाला चिकटला आहे, आणि त्यासोबत अशी समजूतही चिकटली आहे की, त्या शाळांचं इंग्रजी चांगलं होतं, कारण तिथे घरच्या भाषेला उंबरठ्याबाहेर ठेवलं होतं.

मग त्या शाळा कोणी उभ्या केल्या, हेही पाहावं. बांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ची. ती सुरू झाली देशी अनाथ मुलांसाठी. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते तो स्टॅनिस्लॉस कोस्तका पोलंडचा. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात जाण्यासाठी व्हिएन्नाहून पायी निघालेला आणि १५६८मध्ये अठरा वर्षांचाही न होता रोममध्ये गेलेला मुलगा. माझगावची सेंट मेरीज १८६४ची, झेवियर्स १८६९ची. या सगळ्या जेझुइटांच्या, आणि तेव्हाचे मुंबईचे जेझुइट प्रामुख्याने जर्मन भाषक होते. १८५०च्या दशकात मुंबईचं मिशन त्यांच्याकडे आलं होतं. ज्यांच्या हाताखाली मुंबईची पोरं इंग्रजी शिकली, त्यांच्यापैकी बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. आईच्या मांडीवर ते दुसरंच काही बोलले होते. इंग्रजी ते पुढे शिकले, आणि इतकं चांगलं शिकले की दुसऱ्यांना शिकवू शकले.

हे फादर जर्मन होते, याची आठवण ब्रिटिश सरकारला १९१४मध्ये झाली. महायुद्ध पेटलं आणि काल वर्गात फळ्यापुढे उभे असलेले फादर आज शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अनेकांना अहमदनगरच्या छावणीत नेऊन ठेवलं, पुढे मायदेशी धाडलं. आयुष्यभराचं काम मागे टाकून ते गेले. युद्धानंतर त्यांच्या जागी आले ते स्पेनचे जेझुइट, म्हणजे पुन्हा इंग्रजी दुसरी भाषा असणारेच. इतिहासकार फादर हेरास १९२२मध्ये आले आणि झेवियर्स महाविद्यालयात भारताचाच इतिहास शिकवत राहिले. कॅम्पियन ही मुलग्यांची शाळा १९४३मध्ये काढणारे फादर साव्हाल हेही स्पॅनिशच.

आणि याच जेझुइट संघातला जो जन्माने इंग्रज होता, त्याने काय केलं? फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात उतरले, मराठी शिकले आणि तिच्यात अकरा हजारांच्या घरात ओव्या रचल्या. १६१६मध्ये राचोलला छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ ते हेच. इंग्रजी ज्याची स्वतःची होती, त्याला तुमच्या-आमच्या आजीच्या भाषेची लाज वाटली नाही.

नंदाखालचं उदाहरण तर आणखी जवळचं. वसईतल्या त्या गावी कॅथलिक मुलं सेंट जोसेफमध्ये मराठीतून शिकली. त्यांतले एक फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, वर्षानुवर्षं ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरले आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठी शाळेत शिकल्याने त्यांचं जगाशी बोलणं कुठे अडलं नाही.

उलट बांद्र्यात काय झालं तेही पाहावं. रानवर, शेर्ली, चिंबई या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिक, घरांची बोली मराठीच. आज तिथल्या अनेक घरांत इंग्रजीने तिची जागा घेतली आहे; ती म्हाताऱ्यांपुरती उरली आहे. इकडे बेलापुरात शहाबाज, दिवाळे, आग्रोळी या गावांभोवती सिडकोने शहर वसवून अजून साठ वर्षंही झालेली नाहीत. आगरी-कोळ्यांची जमीन गेली. आता घरातली बोली कोणी मागत असेल, तर ती देऊ नये. इंग्रजी जरूर शिकवावी, उत्तम शिकवावी, ते शाळेचंच काम आहे. शाळेने ते वर्गात करावं. आजीला गप्प बसवून करू नये.

त्या कुटुंबाने दुसऱ्या शाळेचा फॉर्म आणला आहे. त्यात ‘मातृभाषा’ असा रकाना आहे. तिथे मराठी लिहू की आगरी, असं त्या आईने परवा फोन करून विचारलं. जी बोलता ती लिहा, असं मी सांगितलं. तिने आगरी लिहिलं.