बाइक टेम्पोत नेताय? मग ती धरायला मागे पोरगा बसवू नका!

रिठदहून वाशीम किंवा रिसोडकडे जाताना हे दृश्य कधी ना कधी दिसतंच. पिकअपच्या हौद्यात बंद पडलेली बाइक साइड स्टँडवर उभी, हँडलला गोठ्यातली दोरी गुंडाळलेली आणि एक पोरगा सीटवर बसून गाडी सांभाळतोय. विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'जवळच तर जायचंय.'

जरा हिशेब करू. स्प्लेंडरसारख्या गाडीचं वजन साधारण 112 किलो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चालकाने करकचून ब्रेक मारला, तर ही गाडी वजनाच्या साठ-सत्तर टक्के जोराने पुढे रेटली जाते. म्हणजे 70 ते 80 किलोंचा धक्का. तो अडवायचा कुणी? ज्याचं स्वतःचं अंग त्याच क्षणी पुढे फेकलं जातंय, त्या पोराने?

दोरी बांधूनही गाडी का पडते, याचं उत्तर शॉकअपमध्ये आहे. शॉकअप मोकळे असताना दोरी कितीही ताणली, तरी गतिरोधकावर ते दबतात आणि दोरी सैल पडते. हूक निसटायला तेवढा क्षण पुरतो. म्हणून पुढचं चाक केबिनकडच्या पत्र्याला सरळ टेकवा. एकाने हँडलवर भार देऊन पुढचे शॉकअप साधारण निम्मे दाबायचे, दुसऱ्याने दोन्ही बाजूंनी आवळायचं. पूर्ण दाबले तर ऑइल सील खराब होण्याची भीती. पट्टा ग्रिपला किंवा आरशाला नको. हँडलखाली दोन्ही शॉकअप जिथे जोडलेले असतात, त्या भक्कम जोडाला अडकवा आणि हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यांकडे साधारण 45 अंशांत खाली ओढा. मागेही चेसिसला दोन्हीकडून पट्टे हवेत, नाहीतर मागचं चाक नाचतं. साइड स्टँड वर, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद.

दातेरी चक्राने आवळायचे रॅचेट पट्टे सर्वांत चांगले. नायलॉनची दोरी ताणली जाते. दोरीच वापरायची तर ट्रकवाले ताडपत्री आवळताना फास घालून टोक त्यातून ओढतात, ती गाठ मारा. पाच-सात किलोमीटरवर थांबून पुन्हा तपासा. भाडं ठरवताना आपण पाचपन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, पण 'पट्टे आहेत का?' हे कोण विचारतं?

(पुण्याला न्यायची असेल, तर रेल्वे पार्सलचाही पर्याय आहे. मात्र तिथे टाकी पूर्ण रिकामी करावी लागते.)

आता विम्याचं. कायद्याने मालवाहू वाहनात मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला विम्याचं संरक्षण आहे. पण 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चोल्लेटी भारतम्मा प्रकरणात स्पष्ट केलं, की हा मालक केबिनमध्ये बसलेला हवा. हौद्यात मालाजवळ बसलेला त्यात येत नाही. म्हणजे मागच्या पोराला काही झालं, तर भरपाईचा दावा तिथेच अडतो.

माझ्या मते गाडी नीट बांधली असेल, तर मागे माणसाची गरज नसते. आणि गरज वाटत असेल, तर ती बांधलेलीच नाही. केबिनमध्ये जागा नसेल, तर पोराला मागून एसटीने येऊ द्या.