स्वल्पविरामाचें मोल

इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्याकडील पुष्कळ मंडळींचा असा समज दिसतो कीं, विरामचिन्हें हीं लेखनाचीं आभूषणें होत. असलीं तर शोभा, नसलीं तरी कांहीं अडत नाहीं. मुलांच्या वह्या तपासण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आम्हांस हा समज मान्य नाहीं. संस्कृतांत ‘रामः रावणं हन्ति’ हे शब्द कसेही फिरवा, मारणारा रामच राहतो. कारण विभक्तीच अन्वय सांगते. इंग्रजींत तशा विभक्ति फारशा उरल्या नसल्यामुळें अर्थाचा भार शब्दक्रमावर व विरामचिन्हांवर पडतो.

अमेरिकेंतील मेन संस्थानाचें उदाहरण घ्या. तेथें आठवड्यास ४० तासांहून अधिक केलेल्या कामाबद्दल दीडपट वेतन देण्याचा कायदा आहे. मात्र नाशिवंत मालाच्या कांहीं कामांस त्यांतून सूट होती. त्या कामांच्या यादीच्या अखेरीस ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते, आणि ‘ऑर’च्या आधीं स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट नांवाच्या दूधकंपनीचे मोटारचालक म्हणाले, “सूट आहे ती बांधणीस; मग ती पाठवणीसाठीं असो वा वांटपासाठीं. आम्ही माल बांधीत नाहीं, नुसता पोंचवितों.” कंपनी म्हणाली, वांटप हें स्वतंत्र काम आहे. २०१७ सालीं अपील न्यायालयानें ती रचना संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूनें अर्थ लावला. विधिमंडळानें यादींत अर्धविराम घालून संशय फेडला, आणि २०१८ सालीं कंपनीनें ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. मजुराच्या घामाचा दाम एका टिंबाएवढ्या चिन्हावर अडला होता!

यास्तव तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. यादींतील शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’पूर्वीं स्वल्पविराम देण्याची व न देण्याची, अशा दोन्ही चाली शिष्टसंमत आहेत, पण अर्थ दुटप्पी होत असेल, तेथें तो अवश्य द्यावा. दोन पूर्ण वाक्यें नुसत्या स्वल्पविरामानें जोडूं नयेत. मध्यें अर्धविराम घालावा, अथवा उभयान्वयी अव्यय योजावें. ‘इट्स’मध्यें अपॉस्ट्रॉफी द्यावयाची ती ‘इट इज’ अथवा ‘इट हॅज’ यांचा संक्षेप असेल तेव्हांच. स्वामित्व दाखवितांना ‘हिज’प्रमाणें तेंही चिन्हावांचूनच शोभतें.

चिरंजीवांचा नोकरीचा अर्ज असो वा घराचा करारनामा, सही करण्यापूर्वीं तो प्रतिपक्षाच्या वकिलाच्या दृष्टीनें एकदां वाचून पाहावा, एवढीच आमची वाचकांस सूचना आहे.