वाकस धरणाराच्या पोराच्या हातीं खडू

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

मुलगा मास्तर व्हावा म्हणून तुमच्यापैकीं किती घरांनीं बैलजोडी विकली, किती घरांनीं एक-दोन एकर रान गहाण टाकलें, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाहीं. माझ्या बापानें घराशेजारची जागा विकली. तो सुतार, तिफणी, वखर आणि बैलगाड्या करण्यांत त्याचा जन्म गेला. त्या पैशांवर मीं बी. एड. केलें. त्या पैशांत काय हातीं आलें आणि काय आलें नाहीं, याचा हिशेब आज तुमच्यापुढें ठेवतों. हिशेब माझा असला तरी तोटा तुमच्या पोरांचा होत आहे. म्हणून तो झांकून ठेवणें बरें नव्हे.

आधीं नियम काय होता तो ऐका. 2015 सालापासून बी. एड. चा अभ्यासक्रम एका वर्षाऐवजीं दोन वर्षांचा झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें 2014 सालीं केलेल्या नियमांत असें ठरलें कीं, शिकाऊ मास्तरानें एकंदर वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेंत काढावे. चार पहिल्या वर्षीं व सोळा दुसऱ्या वर्षीं. नियम चांगला होता. सुताराचें पोर सुद्धां लाकडापाशीं बसल्यावांचून सुतार होत नाहीं, मग मुलांपाशीं बसल्यावांचून मास्तर कसा होणार? परंतु नियम कागदावर राहतो आणि पोरें वर्गांत राहतात. या दोहोंच्या मध्यें जी पोकळी आहे, तींत आम्ही शिकाऊ मास्तर पडतों, व आमच्या अंगाखालीं तुमचीं लेंकरें सांपडतात.

आमच्या विद्यालयांत आधीं पांच-सहा मिनिटांचे लहान पाठ घेववीत. मुलें कोण? आमचेच सोबती! ते बांकावर बसून ठरलेलीं उत्तरें देत आणि आम्ही शाबास म्हणत असूं. मग पाठाचें टाचण. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, गृहपाठ, सारें चौकटींत भरावयाचें. मागल्या वर्षीच्या वहीवरून पुढल्या वर्षींची वही उतरून काढण्याची चाल सर्रास होती. अर्थ न समजतां मंत्र म्हणावे तशीं आम्ही टाचणें लिहिलीं. काय शिकवावें याच्या वह्या भरल्या. ज्याला शिकवावयाचें तो कोण, कोणत्या घरचा, सकाळीं काय करून आला, याविषयीं त्या वह्यांत एक ओळ नव्हती.

असा तयार होऊन मी घाटावरच्या एका गांवीं हायस्कुलांत गेलों. गांवाचें व शाळेचें नांव येथें देत नाहीं. कारण दोष एका शाळेचा नाहीं. 2024 सालचा सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला होता. मला आठवीचा वर्ग मिळाला. विषय गणित, प्रकरण 'सूट व कमिशन'. वर्गांत साठ पोरें होतीं. मीं फळ्यावर सुरेख अक्षरांत सूत्र लिहिलें, शहरांतल्या दुकानांतील साडीवरची सूट समजावून सांगितली. दहा मिनिटांत मागले बांक बोलूं लागले, पंधरा मिनिटांत सारा वर्ग बाजार झाला. मीं आवाज चढविला, पोरांनींहि चढविला. एवढ्यांत मधल्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मले हे समजलंच नाई. कमिशन त अडत्या घेते, सूट कोन देते?"

बांधवांनो, साऱ्या वर्गांत खरा प्रश्न विचारणारा तो एकटा होता. आणि मीं त्याला काय उत्तर दिलें? "आधीं नीट बोलायला शीक!" वर्ग खदखदां हसला. मुलगा खालीं बसला, आणि पुढें चार दिवस त्यानें तोंड उघडलें नाहीं. जी भाषा माझी आई बोलते, जींत माझा बाप बैलांस हांक मारतो, तिचीच मीं भर वर्गांत फजिती केली. हें मला कोणत्या परक्यानें शिकविलें नाहीं. खडू हातीं येतांच आपण घरच्यांपासून निराळे व वरचे झालों, ही खोटी मिजास मला आपोआप चढली होती.

तिसऱ्या दिवशीं तेथील एका जुन्या मास्तरांनीं माझ्या हातीं छडी दिली. "या पोरांना हीच भाषा कळते," असें ते म्हणाले. मीं छडी वापरली. वर्ग चिडीचूप झाला. त्याच दिवशीं माझा पाठ तपासावयास आलेल्या गृहस्थांनीं माझ्या वहींत शेरा मारला: 'वर्गनियंत्रण उत्तम.' वास्तविक 2009 सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंतच्या मुलास मारणें व त्याचा मानसिक छळ करणें या दोन्ही गोष्टींची मनाई केली आहे. मीं तीन दिवसांत दोन्ही केल्या, आणि मला 'उत्तम' मिळालें!

रविवारीं घरीं गेलों, तो वहीवरचा शेरा बापाला दाखविला. तो रंधा पाजवीत बसला होता. त्यानें सारी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाला, "लेका, लाकूड फाटलं त रंध्याचा जोर वाढवून काय होते? रेषा कोनीकडं जाते ते पाह्यलं का तू?" आणखी एक गोष्ट तो बोलला. "तू माह्यापाशी काम शिकत होता तवा मी तुले एकट्याले लाकूड देल्लं का कधी?" खरेंच होतें. पहिलीं दोन वर्षें तो माझ्या खांद्याशीं उभा असे. वाकस वांकडा पडला कीं माझा हात धरून सरळ करी. शाळेंत मात्र साठ पोरें माझ्या स्वाधीन करून जुने मास्तर ऑफिसांत कागद भरीत बसले होते. शिकाऊ मास्तर आला म्हणजे तास मोकळा झाला, एवढाच कित्येक शाळा त्याचा उपयोग समजतात. सुताराच्या शिकाऊ हातून बिघडलेलें लाकूड चुलींत जातें; आमच्या हातून बिघडलेलें पोर कोठें जातें?

सोंगणी सुरू झाली आणि तो मुलगा शाळेंत येईना. मी त्याच्या घरीं गेलों. बापानें घोंगडी टाकली, चहा दिला, आणि म्हणाला, "मास्तर, दोन दिवस ठेवला घरी, राग नोका मानू." मुलगा कोपऱ्यांत बसून बाजारांतून आलेली हिशोबपट्टी बापाला वाचून दाखवीत होता. भाव 4,100 रुपये, हमाली इतकी, तोलाई इतकी. जो वर्गांत मुका, तो घरचा कारभारी होता! मी ती पट्टी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशीं ती फळ्यावर लिहिली. त्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास 4,892 रुपये ठरविला होता. बाजारांत 4,100 मिळाले. क्विंटलामागें 792 रुपये कमी. म्हणजे शेंकडा किती? साठ डोकीं वहीवर वांकलीं. उत्तर आलें: सोळा टक्क्यांहून थोडें अधिक. मग सरकारी खरेदीकडे माल कां नेला नाहीं? कारण तेथें 12 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालत असे, आणि ओला माल वाळवावयास ज्याला जागा नाहीं व उधारी फेडण्याची ज्याला घाई आहे, त्यानें काय करावें? पोरें स्वतःच्या घरचे आंकडे सांगूं लागलीं. मागल्या बांकावरचीं सर्वांत आधीं बोललीं. दिवाळीच्या सुटीनंतर सरकारनें ती ओलाव्याची मर्यादा 15 टक्के केली, तेव्हां ती बातमी घेऊन पोरेंच माझ्याकडे आलीं. त्या मुलास मीं फळ्याशीं बोलाविलें. तो आपल्या बोलींत बोलला. मग त्याच गोष्टीस पुस्तकांत काय म्हणतात तें मीं शिकविलें, आणि तें त्यानें सहज उचललें. छडी टेबलाच्या खणांत पडून राहिली.

एका दिवसांत मी मोठा गुरु झालों, असें मला म्हणावयाचें नाहीं. पुढेंहि कित्येक तास फसले. कोपऱ्यांतल्या दोन मुली शेवटपर्यंत माझ्याशीं मोकळेपणें बोलल्या नाहींत, हें माझ्या मनाला लागून राहिलें आहे. पण वर्ग चालविणें म्हणजे पोरांस दाबणें नव्हे, त्यांच्या घरची वाट माहीत करून घेणें होय, एवढें मला समजलें. आणि त्या दिवसाच्या पाठावर शेरा काय आला? 'पाठ टाचणाप्रमाणें झाला नाहीं.'

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. 1882 सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनापुढें निवेदन केलें. तेव्हां मास्तर बहुतेक ब्राह्मण असत. जोतीरावांनीं प्राथमिक शाळांविषयीं स्पष्ट मागितलें कीं, मास्तर होतां होईल तों शेतकरी वर्गांतून तयार करावे. वेळ पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस धरण्याची ज्यांना लाज वाटणार नाहीं व जे रयतेंत मिसळतील असे ते असावे. शिकून तयार झालेल्या मास्तरास दरमहा 12 रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गांवीं 15 ते 20 असावा, असेंहि ते म्हणाले. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यांतल्या चिखलीचे पंढरीनाथ पाटील यांनीं 1927 सालीं त्यांचें चरित्र लिहून काढलें.

आज नांगरवाल्यांचीं व वाकसवाल्यांचीं पोरें हायस्कुलांत मास्तर झालीं आहेत. मग जोतीरावांचें मागणें पुरें झालें काय? मी म्हणतों, अर्धेंहि झालें नाहीं! त्यांनीं नुसती जात बदलावयास सांगितलें नव्हतें. लाज टाकावयास सांगितलें होतें. शेणामातीच्या पोराला 'ढ' म्हणणारा, त्याच्या बोलीस हसणारा, त्याच्या उंबऱ्यावर पाय न ठेवणारा मास्तर कोणत्याहि जातीचा असो, तो जुन्याच गादीवर बसला आहे. अंगरखा तेवढा आमचा आहे.

याला निव्वळ मास्तरांची मिजासच कारण आहे असें नाहीं. ज्या विद्यालयांत फी भरली कीं हजेरी आपोआप लागते, तेथून वर्ग चालविणारा कसा निपजेल? आणि नोकरीसाठीं संस्थाचालकास लाखों मोजावे लागतात, हें गुपित कोणत्या गांवास ठाऊक नाहीं? 2017 सालीं अभियोग्यता परीक्षा व पवित्र पोर्टल आलें. पण खाजगी संस्थांस मुलाखतीची वाट ठेवण्यांत आलीच. हायस्कुलांतल्या शिक्षणसेवकाचें मानधन कित्येक वर्षें इतकें तुटपुंजें होतें कीं, 2023 सालीं तें 18,000 रुपये केलें तेव्हां दुपटीहूनहि अधिक झालें. विनाअनुदानित शाळांत तर वर्षानुवर्षें बिनपगारी राबणारे आहेत. पोटाला चिमटा घेऊन उभा राहिलेला मास्तर छडीकडे लवकर वळतो. हें त्याचें समर्थन नव्हे. पण आजार कोठें आहे तें पाहिल्यावांचून औषध लागू पडत नाहीं.

कोणी म्हणेल, मग पोरांनीं शुद्ध मराठी व इंग्रजी शिकूंच नये काय? शिकलींच पाहिजेत! कचेरींत व कोर्टांत त्यावांचून आपली फसगत होते. पण घरच्या बोलीच्या पायरीवरून चढून तेथें जावयाचें, ती पायरी फोडून नव्हे.

आणि बंधुभगिनींनो, तुमचाहि दोष सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाहीं. "हाडं आमची, कातडं तुमचं," असें शाळेच्या दारांत कोण बोलतें? तुम्हीच ना? बैलाला पराणी टोंचली तर चार दिवस हळहळतां, आणि लेंकराचें कातडें परक्याला बहाल करतां! यापुढें तें वाक्य तोंडांतून काढूं नका.

त्याऐवजीं इतकें करा. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या वर्गांसाठीं जी व्यवस्थापन समिति असते, तींत कायद्यानें तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात, व निम्म्या स्त्रिया. त्या सभेस नुसता अंगठा उठवावयास जाऊं नका. विचारा: शिकाऊ मास्तर आले आहेत ते रोज येतात कीं सहीपुरते? त्यांच्या वर्गांत जाणता मास्तर बसतो कीं नाहीं? छडी कोणाच्या खणांत आहे? घरीं मास्तर आला तर त्याला हिशोबपट्टी दाखवा, भाता दाखवा, माग दाखवा. त्यांत गणित आहे, भूगोल आहे. आणि तुमचा स्वतःचा मुलगा बी. एड. करीत असेल, तर त्याला गुण किती पडले हें मागाहून विचारा. आधीं हें विचारा कीं, बाबा, तूं किती दिवस पोरांत बसलास, आणि किती घरीं जाऊन आलास?

माझ्या बापानें जागा विकली ती कागदासाठीं नव्हे. मीं ज्या मुलास खालीं बसविलें, त्याच्या घरीं मी पुन्हां गेलों व त्याच्या बापापुढें माझी चूक कबूल केली. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही आले हेच लई झालं." मास्तर घरीं आला, एवढ्याचेंच ज्यांना नवल वाटतें, त्यांच्या पोरांचे वर्ग अजून आमच्या हातीं आलेले नाहींत.

— एक सुताराचा मुलगा