कुमारवयातील विषाद आणि आपली घरे

उत्सवानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत आनंदाचे विषय यावेत ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परीक्षेत चमकलेल्या व रंगमंचावर शोभलेल्या मुलांचे कौतुक या पानांतून व्हावे, हेही योग्यच होय. परंतु दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या बालनाट्यात हौसेने काम करणारे जे मूल आज कार्यक्रमाच्या वेळी गाडीतच बसून राहते, त्याच्याविषयी कोणी लिहावयाचे? प्रस्तुत लेख त्या मुलासाठी आहे.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ साली हायस्कूलच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. मागील वर्षभरात सलग दोन आठवडे वा अधिक काळ दुःख किंवा निराशा वाटून नेहमीचे व्यवहार सुटले, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४० भरले. मुलींत ते ५३ व मुलांत २८ होते. ही सारीच मुले रुग्ण होती असे नव्हे. तथापि आपली मुले याच शाळांत शिकतात आणि मराठी आडनाव हे काही चिलखत नव्हे.

खिन्नता म्हणजे रडवेला चेहरा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कुमारवयात मात्र ती पुष्कळदा चिडखोरपणाचे रूप घेऊन येते आणि आपण तिला उर्मटपणा समजून रागावतो. झोप उडते किंवा मूल दिवसदिवस झोपून राहते. जेवणावरची वासना जाते किंवा खाणे एकाएकी वाढते. वारंवार डोके वा पोट दुखते आणि तपासणीत काही निघत नाही. आवडीचा खेळ, तबला, चित्रकला यांतील गोडी नाहीशी होते. अभ्यासात लक्ष लागत नाही. ‘माझा काही उपयोग नाही’, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे उद्गार कानी येतात. अशी अनेक लक्षणे एकत्र, बहुतेक दररोज, दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली आणि मूल पूर्वीपेक्षा निराळे भासू लागले, तर ते वयाचे चाळे म्हणून सोडून देऊ नये. 

वयाचा स्वभाव आणि आजार यांत भेद आहे, हेही ध्यानी घ्यावे. या वयात झोपेची वेळ पुढे सरकते, आईबापांपेक्षा मित्र जवळचे वाटतात, खोलीचे दार लोटलेले राहते. यात वावगे काही नाही. परंतु जे मूल मित्रांनाही टाळू लागते, त्याची चिंता अवश्य करावी. एक सावधगिरी आणखी बाळगावी. काही मुले आतून पोखरली जात असतानाही उत्तम गुण मिळवीत असतात. गुणपत्रिका हा आरोग्याचा दाखला नव्हे.

‘आम्ही याहून हाल काढले, तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न आपल्या घरांत हटकून विचारला जातो. त्यामागे माया असते, हे आम्ही जाणतो. पण आधीच स्वतःला दोष देणाऱ्या मुलास त्यातून आपल्या अपराधाची खातरजमाच मिळते. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. गात्रे गळतात, तोंड कोरडे पडते, धनुष्य हातून निसटते. तो रुग्ण होता असे आम्ही म्हणत नाही. पण पुढे काय घडले ते पाहावे. श्रीकृष्ण त्याचे सारे म्हणणे ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला कठोर शब्दांत उठावयास सांगतात, आणि तेवढ्याने अर्जुन उठत नाही. ‘लढणार नाही’ म्हणून तो गप्प बसतो. खरा संवाद त्यानंतर सुरू होतो. नुसत्या कानउघाडणीने तेथेही भागले नाही.

परदेशस्थ मराठी घरांत आणखी एक अडचण आहे. येथील मुलांची मराठी बहुधा स्वयंपाकघरात वाढलेली असते. भूक, झोप, शाळा यांचे शब्द तिच्यात आहेत, व्यथेचे नाहीत. ‘मला कंटाळा आला’ या तीन शब्दांत पुष्कळ काही दडलेले असू शकते. घरी मराठीच बोलावे, या मताचे आम्ही आग्रही पुरस्कर्ते आहोत. पण मूल मन मोकळे करू पाहील त्या घटकेला भाषेचा आग्रह सोडावा. ते ज्या भाषेत बोलेल, त्या भाषेत ऐकावे.

‘जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का?’ असे स्पष्ट विचारावयास आईबाप कचरतात. विचारल्याने तो विचार मनात रुजेल, अशी त्यांना भीती वाटते. ती अनाठायी आहे. विचारल्याने मुलास बोलण्याची वाट मिळते. उत्तर होकारार्थी आल्यास त्यास एकटे सोडू नये, घरातील औषधे कुलपात ठेवावीत आणि ९८८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. जुलै २०२२ पासून ही सेवा अमेरिकेत अहोरात्र उपलब्ध आहे. एरवी प्रथम बालरोगतज्ज्ञांकडे जावे. १२ ते १८ वर्षांच्या मुलांची या दृष्टीने तपासणी व्हावी, अशी शिफारस अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळाने २००९ साली केली व २०२२ साली तिचा पुनरुच्चार केला. डॉक्टर मुलाशी एकांतात बोलू इच्छितील. आईबापांनी खुशाल बाहेर बसावे. संवादाद्वारे विचारांना वळण देणारे उपचार व गरज पडल्यास औषधे, यांनी बहुसंख्य मुलांना गुण येतो. औषध सुरू झाल्यावर आरंभीच्या आठवड्यांत मुलावर बारीक लक्ष ठेवावे आणि ते आपल्या मनाने बंद करू नये.

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न उरतोच. ते लोक म्हणजे अखेर आपणच, या मंडळाच्या पंगतीला एकत्र बसणारे. शेजारच्याचा मुलगा दम्यावर औषध घेतो हे ऐकून आपण त्याची विचारपूस करतो. खिन्नतेचे नाव निघताच आवाज खाली आणतो. तो आवाज खाली न आणण्याचे आपण ठरविले, तर एखाद्या आईला डॉक्टरांचे दार ठोठावण्याचे धैर्य वेळेवर येईल. आणि या बाबतीत वेळेचे मोल फार मोठे आहे.