ब्रॅकेटिंगची सद्दी संपली काय?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या वर्गणीदारांच्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांनी पुनःपुन्हा विचारला गेला आहे. ज्या कॅमेऱ्याच्या पाठीवर काढलेले चित्र तत्क्षणी दिसते, ज्याचा हिस्टोग्राम उजेडाचा जमाखर्च जागच्या जागी मांडतो आणि ज्याच्या रॉ फाइलीतील दोन स्टॉपांची चूक बहुधा घरी बसून निस्तरता येते, तो हाती असताना एकाच दृश्याची कमी-अधिक एक्स्पोजरची तीन-तीन, पाच-पाच चित्रे काढीत बसण्याचे प्रयोजन काय उरले? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचा निकाल एका शब्दात देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही, कारण ब्रॅकेटिंग या एका नावाखाली आपल्या व्यवसायात दोन सर्वस्वी भिन्न व्यवहार आजवर एकत्र नांदत आले आहेत.

त्यांतला पहिला व्यवहार जामिनाचा. ज्यांनी ट्रान्सपरन्सीवर काम केले आहे त्यांना आठवत असेल की अर्ध्या स्टॉपाने ओव्हर झालेली स्लाइड छापखान्याच्या टेबलावर गतप्राण होऊन पडे, आणि निगेटिव्हवरून प्रिंट काढताना डार्करूममध्ये जी सवलत मिळे तीही येथे नसे. रोल धुऊन येईपर्यंत आपल्या पदरात काय पडले याचा पत्ता लागत नसल्यामुळे मनुष्य आपल्या अज्ञानाला जामीन ठेवी : एक चित्र मीटरप्रमाणे, एक अर्धा स्टॉप अंडर, एक अर्धा स्टॉप ओव्हर. छत्तीसच्या रोलमध्ये बाराच विषय बसत आणि खर्च तिप्पट येई, तरी दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ हातचे जाण्यापेक्षा तो परवडे. त्या अज्ञानाचे कारणच आता नाहीसे झाले असल्याने हा जामीनही मुक्त व्हावयास हवा होता. परंतु सवय कारणापेक्षा दीर्घायुषी असते.

या दीर्घायुषी सवयीचा एक दाखला आमच्याच पदरचा आहे. पुण्यातील एका मंगल कार्यालयात सकाळी रिकामा मांडव आणि मागच्या खिडक्या एकत्र टिपण्यासाठी आम्ही दोन-दोन स्टॉपांचे ब्रॅकेटिंग लावले होते आणि ते काढून टाकण्याचे विसरलो. मुहूर्ताच्या वेळी शेवटचे मंगलाष्टक संपले, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता उडाल्या आणि वधूने मान वर करून पाहिले. आम्ही बोट दाबून धरलेलेच होते. पहिल्या फ्रेमला एक्स्पोजर नेमके होते, पण तीत अंतरपाटच होता. दुसरी अंडर, तीत वधूची मान खाली. आणि ज्या तिसऱ्या फ्रेममध्ये तिची नजर वर आली ती दोन स्टॉप ओव्हर, म्हणजे मुंडावळ्यांचे मोती, शालूची जर आणि हवेतल्या अक्षता यांचा एकच पांढरा लोळ. भटजींचे 'सावधान' वधूवरांपुरतेच असते ही आमची समजूत त्या दिवशी दुरुस्त झाली.

दुसरा व्यवहार निराळा आहे, आणि तो पाहावयाचा तर जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराच्या लेण्यात जावे. राष्ट्रकूटकाळी, आठव्या शतकात, एकाच बेसाल्ट खडकातून कोरलेले हे काम. अंगणात छत्रीसारख्या गोल छपराचा नंदीमंडप ऐन उन्हात उभा, आणि आत जाडजूड चौरस खांबांच्या रांगांमागे गाभाऱ्यापाशी दुपारीही समईचा आधार वाटावा असा अंधार. एकदा रीतसर परवानगी काढून आम्ही आतल्या बाजूस ट्रायपॉड लावला आणि खांबांमधून मंडप दिसेल अशी चौकट धरली. एफ/८ आणि आयएसओ १०० वर उन्हातल्या दगडाचे मीटरिंग १/२५० सेकंद निघाले. आतल्या भिंतीचे ४ सेकंद. केवळ या दोन मध्यमांतच दहा स्टॉपांचे अंतर, आणि छपराच्या कडेवरचे रखरखीत ऊन व कोनाड्यातली काजळी हिशेबात धरली तर ते पंधराच्या घरात जाते. चांगल्या फुल-फ्रेम सेन्सरची झेप कागदोपत्री चौदा स्टॉपांच्या आसपास, आणि तीतले तळचे दोन-तीन नॉइजने गढूळ. येथे छायाचित्रकाराला सारे कळते. ते एका फाइलीत मावत नाही, एवढीच अडचण.

अशा प्रसंगी रॉ फाइल सर्व काही सांभाळून घेईल, ही समजूत अर्धीच खरी आहे. सेन्सरचा कप्पा प्रकाशाने एकदा काठोकाठ भरला की त्यापुढचा उजेड नोंदलाच जात नाही, आणि जी रक्कम रोजकीर्दीत चढली नाही ती खतावणीत कोठून येणार? उलटपक्षी अंधाराची बाजू उजळता येते खरी, पण तिचे भांडवल फार तोकडे असते. चौदा बिटांच्या फाइलीतील १६,३८४ पायऱ्यांपैकी ८,१९२ एकट्या सर्वांत वरच्या स्टॉपाच्या वाट्याला जातात आणि खाली उतरताना दर स्टॉपास हा वाटा निम्मा होत जातो. शिवाय प्रकाशकणांचा स्वभावच असा की चौपट प्रकाश घेतला तर नॉइज केवळ दुप्पट होतो, म्हणजेच संकेत नॉइजच्या मानाने दुप्पट स्वच्छ होतो. म्हणून दोन स्टॉप ओव्हर घेतलेली फ्रेम लेण्याच्या भिंतीवरील छिन्नीचे घाव ज्या सचोटीने दाखवते, ती सचोटी अंडर फाइल ओढूनताणून उजळण्याने येत नाही.

हा दुसरा व्यवहार डिजिटल युगाने जन्मास घातला असेही नव्हे. निळ्या प्रकाशाने वाजवीपेक्षा लवकर भारून जाणाऱ्या कलोडियनच्या काचेवर आकाश आणि समुद्र एकदम उतरत नाहीत हे पाहून गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास दोहोंच्या दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडल्या होत्या. आणि अलीकडची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. गूगलने आपल्या फोनांसाठी प्रथम एकाच अंडर एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम मिळवण्याची तजवीज केली, आणि पुढे छायेतला नॉइज हटवण्यासाठी तिच्यात दीर्घ एक्स्पोजरच्या फ्रेमची भर घातली. ब्रॅकेटिंग कालबाह्य झाले असे खिशातल्या फोनचा हवाला देऊन सांगणाऱ्यांनी तो फोन आत काय करतो हे पाहावे.

तेव्हा व्यवसायबंधूंस आमचे सांगणे असे. ट्रायपॉडवर स्थिर दृश्य असेल आणि उजेडाची दोन टोके एका फाइलीत मावत नसतील, तेथे ब्रॅकेटिंग अवश्य करावे. मात्र अपर्चर, फोकस व व्हाइट बॅलन्स कायम ठेवून केवळ शटर बदलावा, आणि पायरी दोन स्टॉपांची ठेवावी, कारण तृतीयांश स्टॉपाच्या पायऱ्यांनी आजच्या सेन्सरवर कार्ड भरण्यापलीकडे काही साधत नाही. लक्ष्मी रस्त्यावरील विसर्जन मिरवणुकीत, जेथे ढोलावरचे टिपरू क्षणभरही एका जागी नसते, तेथे तीन फ्रेम जुळवण्याच्या भरीस पडू नये. एकच फ्रेम, उजळ भाग राखून घ्यावी, आणि हिस्टोग्राम पाहताना लाल चॅनल वेगळा पाहावा, कारण गुलाल आणि झेंडू यांच्यामुळे तो सर्वांआधी भरतो आणि एकत्रित आलेख मात्र निर्धास्त दिसत राहतो. आणि फ्रेम एकत्र केल्यावर हात आवरावा. लेण्याचा अंधार हाही त्या दस्तऐवजाचाच भाग आहे. गाभारा अंगणाइतका लख्ख दिसू लागला तर आपण खांब दाखवले, पण लेणे गमावले.

ब्रॅकेटिंगची सद्दी संपली काय, या प्रश्नाआधी दर वेळी स्वतःला एक प्रश्न विचारणे इष्ट : मी तीन फ्रेम घेतो आहे त्या कळत नाही म्हणून, की मावत नाही म्हणून? कळत नसेल तर हिस्टोग्राम उघडावा, एक फ्रेम काढून पाहावी, आणि एवढ्यावर काम भागते. मावत नसेल तर निःसंकोच ब्रॅकेटिंग लावावे, आणि काम आटोपून ट्रायपॉड मिटण्यापूर्वी ते आठवणीने काढावे. ही शेवटची सूचना अनुभवाअंती केली आहे.