विमा सगळ्यांना, पण नाव जुळलं तर

२०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने सुरू झालेली आरोग्य योजना २०१३च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यात आली. तेव्हा पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि एक लाखापर्यंतचं वार्षिक उत्पन्न ही अट होती. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव मिळालं. २८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने उत्पन्नाची भिंतच पाडली. आता पांढरं कार्डही आत आलं. दर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण, त्या निर्णयात १३५६ उपचार होते.

आपल्या भागासाठी ही छोटी गोष्ट नाही. ईएसआयसी साधारणपणे दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतं. उल्हासनगरात पाच मशिनींच्या गाळ्यात जीन्स शिवणारा कारागीर त्यात बसत नाही. बदलापुरात बाईकवरून पार्सल पोचवणारा पोरगाही नाही. त्यांच्या घरात कुणाला हार्टअटॅक आला, तर आधार फक्त उधारी आणि दागिन्यांचा.

मग अडतं कुठे? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून हे पटकन दिसतं. पात्रतेची अट गेली, पण आता दारावर डेटाबेस उभा आहे. रेशनकार्डावर ‘मो. सलीम’, आधारवर ‘मोहम्मद सलीम शेख’. माणसाला कळतं की हा एकच माणूस आहे. काटेकोर जुळणी करणाऱ्या प्रोग्रामला कळत नाही. लग्नानंतर सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी होतं, सासरच्या कार्डावर वर्षानुवर्षं चढत नाही. अंबरनाथला भाड्याने राहणाऱ्या कित्येकांची कार्डं गावाकडची. आजारपणाच्या रात्री यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

सरकारकडे मागणी साधी आहे. नावातला किरकोळ फरक उपचार नाकारण्याचं कारण ठरू नये. आधी दाखल करा, कागद नंतर मागा. आणि विमा काढला म्हणून सरकारी रुग्णालयाकडे पाठ फिरवू नका. ही योजना प्रामुख्याने दाखल रुग्णांसाठी आहे. ताप, साखर, रक्तदाब यांसाठी लोक उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयातच रांग लावणार. तिथे डॉक्टर आणि औषधं हवीतच.

पण दोस्तांनो, एक काम सरकारची वाट न बघता होतं. या आठवड्यात घरातलं रेशनकार्ड आणि सगळ्यांची आधारकार्डं शेजारी ठेवून नावं ताडून बघा. फरक असेल तर शिधावाटप कार्यालयात अर्ज द्या. मग शेजारच्या खालाचं कार्ड बघा. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर टेबल टाकून दोघं जण लॅपटॉप घेऊन बसले, तरी मोहल्ल्याचं बरंच काम निघेल. योजनेतलं रुग्णालय कोणतं, हे १५५३८८ वर विचारता येतं. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठा.

हक्क कागदावर मिळालाय. तो रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचवायला आपलं शिक्षण कामी यायला हवं.